स्पिरिट जितके कडक तितके चांगले? एक खुलासा

लग्नसराईत गंगापूर रोडवरच्या लॉन्सवर एकाच सकाळी नवरी, करवल्या आणि विहीणबाई यांचा मेकअप करताना, नाशिकमधील काही मेकअप आर्टिस्ट ब्रशवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून तोच ब्रश लगेच पुढच्या चेहऱ्याला लावतात, कारण स्पिरिट जितके कडक तितके जंतू लवकर मरतात, हा समज या व्यवसायात वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. अल्कोहोल जंतूंमधील प्रथिनांची रचना मोडते आणि या क्रियेला पाण्याची मदत लागते. म्हणूनच ७० टक्क्यांचे द्रावण जवळजवळ शुद्ध अल्कोहोलपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. शिवाय शुद्ध अल्कोहोल, विशेषतः मे महिन्यातल्या उन्हात, काम पुरे होण्याआधीच उडून जाते. ९९ टक्क्यांची बाटली घरात असेलच, तर ७०० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालून १ लिटर द्रावण करावे. ते पेट घेते, म्हणून दिव्याजवळ ठेवू नये.

मात्र योग्य द्रावणही मळलेल्या ब्रशवर अपुरे पडते, कारण फाउंडेशनच्या तेलकट थराखाली जंतू सुरक्षित राहतात. ब्रश आधी साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा, मगच द्रावण वापरावे आणि ते आपोआप सुकू द्यावे. दोन चेहऱ्यांमध्ये एवढा वेळ मिळत नाही, हे मान्य; त्यामुळे माझ्या मते ब्रशचे संच वाढवणे हाच प्रामाणिक उपाय आहे. मस्कारा मात्र कोणत्याही फवाऱ्याने शुद्ध होत नाही. त्यासाठी प्रत्येक वेळी नवी, एकदाच वापरायची कांडी घ्यावी आणि वापरलेली कांडी पुन्हा नळीत बुडवू नये.