चढाईची थीम धरून शाळेतले विषय शिकवणं

डोंगर, कडा किंवा शाळेतली क्लाइंबिंग वॉल हा एकच धागा काही आठवडे हातात धरायचा आणि गणित, विज्ञान, भूगोल, भाषा, इतिहास, पीटी असे विषय त्याच्या अंगाने शिकवायचे, अशी ही पद्धत आहे. चढाई म्हणताना यात गिर्यारोहण येतं, दोर लावून केलेलं प्रस्तरारोहण येतं, बोल्डरिंग म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवरची चढाई येते आणि कृत्रिम भिंतीवरचं स्पोर्ट क्लाइंबिंगही येतं.

यामागचा विचार जुनाच आहे. करून शिकण्यावर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईने भर दिला, विल्यम किलपॅट्रिकने १९१८ मध्ये प्रकल्प पद्धत मांडली आणि जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हानच्या विचारातून १९४१ मध्ये वेल्समधल्या अॅबरडोव्हीला आउटवर्ड बाउंड या साहसातून शिकवणाऱ्या संस्थेची पहिली शाळा निघाली, तिथे समुद्र आणि डोंगर हेच शिकण्याचं साधन होतं.

आता थीम म्हणजे काय नाही तेही सांगायला हवं. वर्कशीटच्या कोपऱ्यात डोंगराचं चित्र टाकलं आणि खाली नेहमीचीच उदाहरणं दिली की ती थीम होत नाही, ती नुसती सजावट, आणि मुलांना ते लगेच कळतं. कसोटी साधी आहे: हा प्रश्न चढणाऱ्याला खरोखर पडतो का? पडत असेल तर घ्यायचा, नाहीतर तो धडा नेहमीसारखाच शिकवलेला बरा.

या कसोटीवर गणित आणि भौतिकशास्त्र सगळ्यात भक्कम उतरतात. चढणारा पडला तर दोराला किती झटका बसेल, हा जिवाचाच प्रश्न आहे. त्यासाठी फॉल फॅक्टर काढतात, म्हणजे पडण्याची लांबी भागिले त्या वेळी बाहेर असलेला दोर. समजा मुलगी जमिनीपासून ८ मीटरवर आहे आणि दोर शेवटचा अडकवलाय ६ मीटरवर, तर ती २ मीटर खाली त्या जागेपर्यंत आणि आणखी २ मीटर त्याच्या खाली, अशी ४ मीटर पडणार (दोराचा ताण आणि ढील सध्या बाजूला ठेवू), बाहेरचा दोर ८ मीटर, म्हणजे फॅक्टर ०.५. तीच २० मीटरवर असताना तशीच ४ मीटर पडली तर ०.२. पडणं तेवढंच पण वरचा झटका सौम्य, कारण ताणायला दोर जास्त आहे. बहुतेक मुलं आधी उलटं उत्तर देतात, म्हणून आधी अंदाज लिहून घ्यायचा आणि मगच भागाकार करायला लावायचा.

दुसरा प्रयोग तर वर्गातच होतो. चढणारे दोन अँकरना (खडकात पक्के केलेले आधार) पट्ट्या लावून मधे वजन घेतात तेव्हा त्या दोन पट्ट्यांमधला कोन फार महत्त्वाचा असतो. दोन स्प्रिंग बॅलन्स घ्यायचे आणि मधे ६ किलोची पिशवी टांगायची. दोन्ही दोऱ्या समांतर असतील तर प्रत्येक काटा ३ दाखवतो, कोन ९० अंशांचा केला की साधारण ४.२, १२० अंशांना चक्क ६, आणि १५० ला साडेअकराच्या पुढे, म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ दुप्पट. काटा पुढे सरकताना मुलं स्वतः वाचतात, त्यानंतर त्रिकोणमितीतलं कोसाइन फळ्यावर आलं तर ते कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

दशांश अपूर्णांकांसाठी चढाई किती अवघड आहे हे सांगणारी अमेरिकेतली योसेमिटी ग्रेड पद्धत झकास आहे. त्यात दोर लागणारी चढाई ५.० पासून सुरू होते, मुळात ती ५.९ ला संपायची होती, पण लोक त्याहून अवघड चढायला लागले आणि मग ५.१० आलं, आज ५.१५ पर्यंत गेलंय. म्हणजे इथे ५.१० हे ५.९ पेक्षा मोठं! गणितात तर ५.१० म्हणजे ५.१, लहान. मग यातला टिंब दशांशचिन्ह आहे की नुसता विभाजक, यावर वर्गात चांगला वाद होतो आणि स्थानिक किंमत पक्की होते. वेगाच्या गणितासाठी स्पीड क्लाइंबिंग घ्यावं, त्यातली भिंत जगभर १५ मीटरची आणि त्याच मांडणीची असते. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये इंडोनेशियाचा वेद्रिक लिओनार्दो फायनलमध्ये ४.७५ सेकंदांत वर पोचला, तो सेकंदाला किती मीटर चढला ते मुलांनी काढायचं.

भूगोलात समोच्च रेषा येतातच, पण त्याहून भारी गोष्ट म्हणजे जिथे कोणी पोचलंच नाही त्या शिखराची उंची कशी मोजली. भारतीय गणितज्ञ राधानाथ सिकदारांनी १८५२ च्या सुमारास पीक १५ चं, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचं, गणित केलं, निरीक्षणं घेतली होती शंभर मैलांहून लांबून, हवेतून येताना प्रकाश वाकतो त्याची दुरुस्तीही करावी लागली, आणि १८५६ मध्ये जाहीर झालेला आकडा होता २९,००२ फूट. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. दोन आकड्यांतला फरक मुलांनाच काढू द्यावा, एवढ्या लांबून मोजूनही तो नऊ-दहा मीटरच्या आत निघतो. हेच तंत्र वापरून शाळेच्या इमारतीची उंची कोनमापक, दोरा आणि टेप घेऊन मोजता येते.

उंचीवरच्या हवेबद्दल एक गैरसमज हमखास दिसतो, की वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. प्रमाण तिथेही २१ टक्क्यांच्या आसपासच असतं, कमी होतो तो दाब, एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून दम लागतो आणि पाणी ७० अंशांच्या आसपासच उकळतं. खडकांचं प्रकरणही असंच हात लावून शिकायचं आहे, ग्रॅनाइटला भेगा पडतात, चुनखडीला पाण्याने झिजून खळगे होतात आणि वालुकाश्म ओला झाला की कमजोर होतो म्हणून पावसानंतर त्यावर चढत नाहीत. रसायनशास्त्रात हाताला लावायची पावडर घ्या, ती मॅग्नेशियम कार्बोनेट असते, फळ्याचा खडू नव्हे.

भाषेसाठी मला सगळ्यात आवडणारा उपक्रम डोळ्यांवर पट्टी बांधून करायचा आहे. भिंत बुटकी, आडवं सरकायची, खाली मॅट. एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी, जोडीदार खालून सांगणार. सुरुवातीला जोडीदार ‘तिकडे, तिकडे, अरे वर’ असंच म्हणतो आणि वरच्याचा हात नुसताच भिंतीवर चाचपडत राहतो. थोड्या वेळाने तोच म्हणायला लागतो, ‘उजवा हात तिथेच ठेव, डावा पाय गुडघ्याएवढा वर घे, आता एक वीत डावीकडे.’ मग तेच लिहून काढायचं आणि दुसऱ्या जोडीने नुसतं ते वाचून चढायचं. कुठला शब्द कमी पडला हे तिथल्या तिथे कळतं, शिक्षकांना लाल पेन काढावं लागत नाही. कॉम्प्युटरचे शिक्षक हीच वही घेऊन अल्गोरिदम शिकवू शकतात.

इतिहासात जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्व्हाइन १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेले ते परतले नाहीत. मॅलरीचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला, पण ते माथ्यावर पोचले होते का हे अजून सिद्ध झालेलं नाही. पुरावा कशाला म्हणायचं, शक्यता आणि खात्री यात फरक काय, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण. तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी (२९ मे १९५३) आणि एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री जुन्को ताबेई (१९७५) ही नावं येतीलच, पण सामान वाहणाऱ्या शेर्पांचा वाटा सोडून हा इतिहास सांगणं चुकीचं आहे. नागरिकशास्त्रात ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक घेता येतो. तिथल्या आनांगू या मूळ रहिवाशांसाठी तो पवित्र आहे आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढायला बंदी आहे. चढता येतं म्हणून चढावं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलायला लावावं.

चित्रकला, संगीत ओढून-ताणून आणायची गरज नाही. कड्याचं रेखाटन करून त्यावर वाट दाखवणं एवढं चित्रकलेत नैसर्गिक बसतं, तेवढं पुरे.

भिंत नसली तरी यातलं बरंच काही करता येतं, वर दिलेले बहुतेक प्रयोग जमिनीवरचेच आहेत. भिंत असेल तर मात्र दोराची चढाई प्रशिक्षित इन्स्ट्रक्टरशिवाय अजिबात नको. निघण्याआधी जोडीने एकमेकांचं हार्नेसचं (कमरेला बांधायचा पट्टा) बक्कल, आठाची गाठ, बिले डिव्हाइस (खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळायचं साधन) आणि कॅराबिनरचं (दोर अडकवायची धातूची कडी) लॉक हात लावून तपासायचं, अंगठ्या काढायच्या, केस बांधायचे. ज्या मुलांना उंचीची भीती वाटते त्यांना वर ढकलू नये, त्यांना बिलेच्या टीममध्ये, मोजमापात, सूचना लिहिण्यात पूर्ण काम द्यावं आणि किती उंच चढला यावर कोणालाही मार्क देऊ नयेत. अंध मुलांनाही यात सहज घेता येतं, एरिक वायहेनमेयर हा दृष्टिहीन गिर्यारोहक २००१ मध्ये एव्हरेस्टवर पोचला होता, आणि पट्टी बांधायच्या उपक्रमात तर अंध मुलगा बाकीच्यांना शिकवू शकतो.