बाउमन, केया
(२३ नोव्हेंबर १९०३ – १७ नोव्हेंबर १९९८). नेदरलंड्सच्या टेनिसपटू. ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एकीत महिला एकेरीचे विजेतेपद मिळवणारी आजवरची एकमेव डच खेळाडू. पूर्ण नाव कॉर्नेलिया. जन्म देशाच्या पूर्वेकडील अल्मेलो या कापडगिरण्यांच्या गावी.

नेदरलंड्समध्ये टेनिसची राष्ट्रीय संघटना १८९९ मध्ये स्थापन झाली. पुढची दोनतीन दशके हा खेळ मुख्यतः सधन घरांपुरताच राहिला. स्पर्धेत खेळून पैसे घ्यायचे नाहीत, हा हौशी खेळाचा दंडक तेव्हा कडक होता. त्यामुळे परदेशी स्पर्धांना जायचे, तर घरची परिस्थिती बरी असावी लागे.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बाउमन यांनी हेन्ड्रिक टिमर यांच्यासोबत मिश्र दुहेरीचे कांस्यपदक पटकावले. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या डच महिला. भारताचे टेनिसपटूही याच स्पर्धेत उतरले होते. त्यांपैकी सिडनी जेकब यांनी पुरुष एकेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठली. हौशी खेळाडू कोणाला म्हणायचे, यावरून ऑलिंपिक समिती आणि टेनिसची आंतरराष्ट्रीय संघटना यांचे पुढे बिनसले आणि टेनिस ऑलिंपिकमधून वगळले गेले. पदकांसह ते परतले थेट १९८८ मध्ये.

बाउमन यांचे नाव राहिले ते १९२७ च्या फ्रेंच विजेतेपदामुळे. ही स्पर्धा परदेशी हौशी खेळाडूंना खुली झाली १९२५ मध्ये, आणि पहिली दोन्ही वर्षे फ्रान्सच्या सुझान लाँग्लेन यांनी जिंकली. १९२६ च्या उत्तरार्धात लाँग्लेन व्यावसायिक झाल्या आणि हौशी स्पर्धांचे दार त्यांना बंद झाले. अमेरिकेच्या हेलन विल्स यांचे पॅरिसमधील राज्य सुरू व्हायला अजून वर्ष होते. मधल्या या मोकळ्या वर्षी बाउमन यांनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या आयरीन पीकॉक यांना ६–२, ६–४ असे सरळ सेटमध्ये हरवले. स्पर्धा अद्याप पॅरिसमधील रोलाँ गारोस या आजच्या क्रीडासंकुलात आलेली नव्हती. तिथली मैदाने तयार झाली १९२८ मध्ये. त्याच वर्षी विल्स पॅरिसला येऊन जिंकल्या.

लाँग्लेन नव्हत्या, विल्स आल्या नाहीत, म्हणून बाउमन यांचे फावले, असे म्हणणे सोपे आहे. पण मैदान मोकळे होते ते सगळ्यांनाच, आणि अंतिम सामन्याचे आकडे काही काठावरच्या विजयाचे नाहीत. शिवाय १९२९ मध्ये त्यांनी स्पेनच्या लिली दे आल्वारेझ यांच्या साथीने फ्रेंच स्पर्धेचे महिला दुहेरीचे विजेतेपदही मिळवले. आल्वारेझ या त्याआधी सलग तीन वर्षे विम्बल्डनच्या एकेरीच्या अंतिम फेरीत खेळलेल्या. अशा खेळाडूची जोडीदार होणे ही साधी बाब नव्हती.

लग्नानंतर त्या टीडेमन झाल्या आणि डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, राहिल्या. १९४२ मध्ये जपानने ही वसाहत जिंकली आणि तिथल्या डच नागरिकांना छावण्यांत डांबले. त्यांत बाउमन यांचे कुटुंबही होते. त्या या बंदिवासातून जिवंत बाहेर पडल्या.

ग्रँड स्लॅम एकेरीतील पुढच्या डच विजेत्यासाठी १९९६ उजाडावे लागले. त्या वर्षी रिचर्ड क्रायचेक विम्बल्डनचे पुरुष विजेते ठरले; तेव्हा बाउमन ९२ वर्षांच्या होत्या. मधल्या काळात टॉम ऑकर, बेटी स्टोव्ह अशा डच खेळाडूंनी मोठी नावे कमावली, मात्र त्यांची ग्रँड स्लॅम विजेतेपदे दुहेरीतली होती. बाउमन यांचे निधन अल्मेलोपासून जवळच असलेल्या डेल्डन येथे झाले.