पार्श्वभूमी : ‘एडिशन टू’ आणि मुक्त सॅक्सोफोनच्या तबकड्या

सॅक्सोफोनचं पेटंट १८४६ साली पॅरिसमध्ये घेतलं गेलं. घेणारा बेल्जियन कारागीर. वाद्य पितळेचं, पण तोंडाशी बोरूची पत्ती, त्यामुळे घराणं सनई-क्लॅरिनेटचं, ट्रम्पेटचं नव्हे. पुढे बरीच वर्षं ते लष्करी बँडांत वाजत राहिलं आणि त्या काळाशी इथे आपल्याला फारसं कर्तव्य नाही. आपल्या कामाची पहिली तारीख ११ ऑक्टोबर १९३९. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये एका टेनरवादकाने (टेनर म्हणजे खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन, आल्टो त्याहून चढा, सोप्रानो आणखी चढा) तीन मिनिटांच्या तबकडीवर एक लोकप्रिय प्रेमगीत वाजवलं. मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दाखवली आणि उरलेला सगळा वेळ स्वतःचीच बढत केली. लोकांनी ती तबकडी उचलून धरली. याच वादकाने १९४८च्या सुमारास साथीला कोणालाही न घेता, एकट्या सॅक्सोफोनवर असंच एक छोटं ध्वनिमुद्रण केलं. एकट्याने पूर्ण लाँगप्ले भरायला मात्र आणखी वीस वर्षं जावी लागली.

या दोन तारखा आधी सांगण्याचं कारण आहे. साठच्या दशकानंतरच्या सॅक्सोफोनला सरसकट ‘मुक्त’ म्हणायची रीत पडली आहे. पण ते वादन आपल्यापर्यंत आलं ते तबकडीवरून, आणि तबकडी म्हणजे निवड आलीच. किती मिनिटं, कोणता टेक (म्हणजे एकदा सलग केलेलं ध्वनिमुद्रण), कुठे थांबून बाजू उलटायची. मथळ्यातली ‘एडिशन टू’ ही अशाच एका निवडीची खूण, तिच्याकडे पुढे येऊ. वाजवणारा कितीही मोकळा असो, एका बाजूची वीसेक मिनिटं संपली की सुई आतल्या रिंगणात जाऊन खरखरणारच.

नोव्हेंबर १९५९मध्ये ऑर्नेट कोलमन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाच्या चौकडीचं वादन न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबात सुरू झालं. दोन आठवड्यांचा करार अडीच महिने लांबला. कोलमनच्या हातात पांढरट प्लास्टिकचा आल्टो होता, ब्रिटिश बनावटीचा. धातूचं नवं वाद्य परवडत नव्हतं म्हणून काही वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये घेतलेला. टीकाकारांना हे प्लास्टिक फार लागलं, खेळणं घेऊन आलाय म्हणाले. त्याच बनावटीचा आल्टो थोर आल्टोवादक चार्ली पार्करने १९५३ साली टोरांटोच्या मैफलीत वाजवला होता, याची आठवण त्यांना सोयीने राहिली नसावी. खरी गोष्ट प्लास्टिकची नव्हतीच. चौकडीत पियानो नव्हता. पेटीची साथ नसली की गवयाला श्रुती कशा मोकळ्या मिळतात हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. तसंच काहीसं इथे झालं. पट्ट्यांवर बांधलेले स्वर आणि कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीची) चौकट दोन्ही गेली, आणि कोलमन एखादा स्वर जरा चढा, जरा उतरता लावू लागला. कोणाला ते बेसूर वाटलं, कोणाला माणसाच्या आवाजासारखं.

२१ डिसेंबर १९६० रोजी त्याने दोन चौकड्या एका स्टुडिओत बसवल्या. सलग सदतीस मिनिटांचं वादन झालं आणि १९६१मध्ये ते ‘फ्री जॅझ’ या नावाने बाहेर आलं. वेष्टनाला खिडकी कापलेली, तिच्यातून अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या चित्राचा तुकडा दिसायचा. ध्वनिमुद्रण स्टीरिओ आणि प्रत्येक चौकडीला आपापला कान. हे घरी करून बघण्यासारखं आहे. डाव्या कानात कोलमन आणि त्याचे तिघे, उजव्या कानात बास क्लॅरिनेट आणि त्याच्या सोबतीचे. इअरफोनचं एक बोंड काढलं की अर्धे लोक खोलीतून उठून गेल्यासारखं वाटतं. दोन्ही लावले की कळतं, ही मंडळी एकमेकांवर ओरडत नाहीत. एक बोलायला लागला की पलीकडचे हुंकार भरतात. लाँगप्लेवर मात्र या सलग वादनाचे दोन तुकडे झाले. मध्येच आवाज मंदावत जातो, तबकडी उलटली की पुन्हा वर येतो.

जानेवारी १९६२मध्ये शिकागोच्या एका जॅझ मासिकाने या तबकडीची दोन परीक्षणं शेजारी शेजारी छापली. एकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही नाही. याच मासिकात दोन महिन्यांपूर्वी टेनरवादक जॉन कोल्ट्रेन आणि त्याच्या एका साथीदाराच्या वादनाला ‘अँटी-जॅझ’ म्हणून झालं होतं. एप्रिल १९६२मध्ये दोघांनी त्याच पानांवर मुलाखतीतून उत्तर दिलं. शांतपणे, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त सभ्यपणे.

‘फ्री’ या शब्दाचा गुंता इथून सुरू होतो. आपल्याकडे फ्री म्हटलं की एकावर एक आठवतं, ते सोडा. इंग्रजीतही त्या शब्दात मोकळा, सुटलेला आणि फुकट हे तिन्ही अर्थ नांदतात. एका तबकडीचं नाव बघता बघता एका प्रकाराचं नाव झालं, आणि जे त्यात मोडले गेले त्यांतल्या अनेकांना ते नको होतं. मुक्तछंदात लय नसते असं समजणारा वाचक जसा फसतो, तसाच ‘फ्री जॅझ’मध्ये काही ठरलेलं नसतं असं समजणारा श्रोता फसतो. मूळ तबकडीतच एकेकाच्या वादनाआधी सगळे मिळून लिहून ठेवलेले तुकडे वाजवतात. शिकागोत १९६५ साली कृष्णवर्णीय वादकांनी उभारलेल्या संस्थेने नावात ‘जॅझ’ही घेतलं नाही आणि ‘फ्री’ही, ‘सर्जनशील’ हा शब्द घेतला. ॲमस्टरडॅमच्या मंडळींनी ‘तत्क्षणी रचना’ म्हटलं. तिकडे लंडनमध्ये एका गिटारवादकाने १९८० साली पुस्तक लिहून ‘कोणत्याही बोलीत न बसणारं’ वादन अशी वेगळी चूल मांडली. त्याच्या मते भारतीय रागसंगीत, फ्लामेंको, जॅझ या सगळ्या बोली. पुस्तकाची सुरुवातच त्याने भारतीय संगीतापासून केली आहे. तीस वर्षं तेच चार जण एकमेकांसोबत वाजवत राहिले की त्यांचीही बोली तयार होतेच, हा आक्षेप पुढे आला. मला तो रास्त वाटतो.

शब्दाच्या वादापेक्षा मला जास्त छळणारी गोष्ट एका तबकडीच्या अदलाबदलीची आहे. २८ जून १९६५. न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सचा प्रसिद्ध स्टुडिओ. कोल्ट्रेनने अकरा जण जमवले. पाच सॅक्सोफोन, दोन ट्रम्पेट, पियानो, दोन बास, ड्रम. एकच रचना, ‘असेन्शन’. आराखडा साधा होता. सगळ्यांनी मिळून उसळायचं, मग एकाने पुढे यायचं, पुन्हा सगळे, पुन्हा दुसरा. असे दोन पूर्ण टेक झाले, दोन्ही चाळीस मिनिटांच्या आगेमागे. १९६६च्या सुरुवातीला त्यांतला एक बाजारात आला.

काही महिन्यांनी कोल्ट्रेनने सांगितलं की आपल्याला हवा होता तो हा टेक नव्हे. कंपनीने टेक बदलला. वेष्टन तेच ठेवलं, क्रमांक तोच, मजकूर तोच. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायची सोय नाही. खूण एकच. तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर ओरखड्यासारखी अक्षरं चमकतात, ‘एडिशन टू’. ज्यांच्या प्रतीवर ती नाहीत त्यांच्याकडे पहिली. म्हणजे १९६६ साली एकाच शहरात दोन मित्र ‘असेन्शन’वर तावातावाने भांडत असतील, तर ते दोन वेगळ्या वादनांबद्दल बोलत असण्याची दाट शक्यता होती, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसता.

वाद असा आहे. एक बाजू म्हणते, वादन ज्याचं, शब्द त्याचा. लेखकाने दुसऱ्या आवृत्तीत कविता दुरुस्त केली तर आपण दुरुस्त पाठच वाचतो. दुसरी बाजू म्हणते, कवितेचा जुना पाठ ग्रंथालयात सापडतो. इथे तो गुपचूप उचलून त्याच्या जागी दुसरा ठेवला. आणि मुळात हे संगीत त्या त्या क्षणाचं असेल, तर ‘चुकीचा टेक’ या शब्दाला अर्थ काय? क्षण चुकीचा कसा असेल? मला कोल्ट्रेनचा अधिकार मान्य आहे, कंपनीची पद्धत नाही. वेष्टनावर एक ओळ छापायला काही लागत नव्हतं. शिवाय एक आणि दोन हे आकडे प्रकाशनाचे आहेत, वादनाचे नव्हेत. त्यामुळे ‘दुसरी’ म्हणजे सुधारलेली, असा एक गैरसमज उगाच चिकटला. दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यावर असं दिसतं की एकेकाने पुढे येण्याचा क्रमही दोन्हीकडे सारखा नाही. माझा कल पहिलीकडे झुकतो. ती जास्त विस्कटलेली आहे आणि मला त्या विस्कटण्यातच तो दिवस ऐकू येतो. दुसरीत आवाजांची थरावर थर रचना जास्त स्पष्ट आहे, आणि बहुधा त्यासाठीच कोल्ट्रेनला ती हवी असावी. पुढे सीडी आली, आणि दोन्ही मिळून सुमारे एकोणऐंशी मिनिटं होत असल्याने ती एका सीडीवर नेमकी मावली. भांडण मिटलं नाही, नुसतं एका डबीत आलं.

युरोपात याच सुमाराला वेगळी घाई होती. मे १९६८, ब्रेमेन. चित्रकला शिकलेल्या एका जर्मन टेनरवादकाने एका क्लबात आठ जण गोळा केले, त्यांत तीन टेनर, आणि जे वाजवलं त्याला मशीनगनचं नाव दिलं. स्वतःच तीनशे प्रती काढल्या. तिथल्या एका बासवादकाने त्या काळाला दिलेलं नाव मराठीत आणायचं तर ‘मोडून-तोडून वाजवण्याचा काळ’ असं होईल. तीनशे प्रतींची ती तबकडी आज या इतिहासात अपरिहार्य मानली जाते. कंपनीने नाकारलेलं स्वतः छापायचं, हा मार्ग त्यानंतर रुळला. लंडनच्या वादकांनी १९७०मध्ये आपलीच रेकॉर्ड कंपनी काढली.

एकट्या सॅक्सोफोनचा पूर्ण संच मात्र शिकागोतून आला. तिथल्या अँथनी ब्रॅक्स्टन या वादकाने १९६९मध्ये एकट्या आल्टोवर दोन तबकड्या भरतील इतकं वाजवलं आणि ते १९७१मध्ये ‘फॉर आल्टो’ म्हणून निघालं. ध्वनिमुद्रण खडबडीत. प्रयोगशील संगीतकार जॉन केजला अर्पण केलेला तुकडा लावला तर पहिल्या मिनिटातच शेजारी दार वाजवायला येतील. त्याच संचात इतकं हळू वाजवलेलंही आहे की स्वर सुटण्याआधीची हवा ऐकू येते. दाखवायचं ते नेमकं हेच होतं. पत्ती, हवा, थुंकी, बोटांखालच्या कळा, सगळंच संगीताचं सामान. एका फुंकरीत दोन-तीन स्वर एकदम काढायची युक्ती कोल्ट्रेनने दहा वर्षांपूर्वी वापरली होती, पण चमचमीत तोंडीलावण्यासारखी. इथे तिचं जेवण झालं.

मग इंग्लिश सॅक्सोफोनवादक एव्हन पार्कर. लंडनमध्ये १९७५ साली त्याने सोप्रानोवर एकट्याने केलेली ध्वनिमुद्रणं आहेत, पण माझ्या विषयाला लागू पडते ती १९७८ची ‘मोनोसेरॉस’. वादन टेपवर न घेता थेट तबकडीच्या मूळ साच्यात कोरलं गेलं. टेप नाही म्हणजे कात्री नाही. एक बाजू सुरू झाली की ती संपेपर्यंत वाजवायचं, चूक झाली तर अख्खा साचा बाद. पार्करचं तंत्र त्याला साजेसं होतं. पुंगीवाला गालांत हवा कोंडून नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही, तेच हा करतो, त्यावर जीभ आणि बोटं वेगवेगळ्या गतीने चालवून. ऐकताना दोन-तीन पक्षी एकाच फांदीवर भांडतायत असं वाटतं आणि वाजवणारा एकच असतो. ‘असेन्शन’मध्ये दोन टेक होते म्हणून वाद झाला, इथे दुसऱ्या टेकची जागाच ठेवली नाही.

मुंबईचा संबंध थोडा, पण खरा आहे. न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर १९५९ ते १९६१ एकट्याने रियाज करणारा टेनरवादक सनी रोलिन्स पुढे साठच्या दशकातच पवईच्या एका आश्रमात काही महिने राहून गेला, आणि १९७८च्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त मुंबईत वाजवून गेला. गोव्याचे वादक तोवर हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत सॅक्सोफोन रोज फुंकत होते. त्यांच्यातल्या एकाने १९७०मध्ये राग आणि जॅझ यांची सांगड घालून तबकडी काढली. ती मुक्त वादनाच्या यादीत कोणी धरत नाही. का धरत नाही, याचं उत्तर पुन्हा त्या बोलीवाल्या व्याख्येत आहे.

ऐंशीनंतरचं भराभर सांगता येईल. न्यूयॉर्कमध्ये एका आल्टोवादकाने खेळाच्या नियमांवर चालणाऱ्या रचना केल्या, ज्यांत पत्ते दाखवून वादकांना इशारे देतात. जपानमध्ये एकट्या आल्टोची परंपरा आधीच सुरू झाली होती. संगणक आल्यावर तुकडे जोडणं इतकं सोपं झालं की काही वादकांनी मुद्दाम उलट वाट धरली. २०११मध्ये एका अमेरिकन वादकाने बास सॅक्सोफोनवर केलेला संच त्यांतला. एका दमात, वरून काहीही न चढवता वाजवलेला. पण खोलीत आणि वाद्याच्या अंगावर वीसपेक्षा जास्त मायक्रोफोन, आणि एक थेट वादकाच्या गळ्यावर चिकटवलेला. टेक एकच, म्हणजे निवड संपली असं वाटतं. ती नुसती मिक्सिंगच्या टेबलावर गेली होती, कोणत्या मायक्रोफोनचा आवाज किती वर घ्यायचा इथे. कळांजवळचा वर घेतला की झडपा ढोलकीसारख्या वाजतात. गळ्यावरचा वर घेतला की सॅक्सोफोनच्या आडून कोणीतरी गुणगुणतंय ते ऐकू येतं.