सर्व्हेची मूळ फाइल जशी आली तशीच पाठवा: आमच्या नव्या सॉफ्टवेअरबद्दल ग्राहकांसाठी माहिती

आमच्या ऑफिसात लँडस्केपची ड्रॉइंग्ज आता ऑटोकॅडऐवजी व्हेक्टरवर्क्स लँडमार्कमध्ये होतात. तेव्हापासून आर्किटेक्ट मंडळी, बिल्डरांची साइट ऑफिसं, सोसायट्यांच्या कमिट्या आणि फार्महाउसचे मालक, सगळ्यांकडून दोन प्रश्न येतात. "आम्हाला डीडब्ल्यूजी मिळणार ना?" आणि "सर्व्हेची फाइल पाठवली होती, मग पुन्हा का मागता?"

डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल, मिळणार, पूर्वीसारखीच, सोबत पीडीएफ. तुम्हाला नवं सॉफ्टवेअर घ्यावं लागणार नाही. महापालिकेत दाखल करायचं ड्रॉइंग तुमचे आर्किटेक्ट त्यांच्या पद्धतीने करतात तसंच करतील. आमचा भाग त्यांना हव्या त्या लेयरवर आम्ही देऊ. सॉफ्टवेअर बदललं म्हणून फी वाढवलेली नाही. दुसऱ्या, म्हणजे जमिनीच्या सर्व्हेच्या, प्रश्नाचं उत्तर मात्र थोडं सविस्तर द्यावं लागतं, म्हणून हे पत्रक.

बदललं कशासाठी

ऑटोकॅडबद्दल आमची तक्रार नाही. पण आमच्या जुन्या पद्धतीत झाड म्हणजे कागदावरचं एक वर्तुळ होतं आणि झाडांची यादी वेगळ्या एक्सेलमध्ये. आता ताम्हण ड्रॉइंगमध्ये ठेवला की त्याचं शास्त्रीय नाव, लावतानाची उंची, पिशवीचा आकार आणि दोन झाडांमधलं अंतर त्याच्यासोबतच राहतं. चर्चेत तीन ताम्हण काढून बकुळ लावायचं ठरलं, तर यादीही तिथल्या तिथे बदलते. नर्सरीकडे गेलेली यादी आणि साइटवरचं ड्रॉइंग यांत फरक उरत नाही.

आमच्या दृष्टीने याहून मोठं कारण म्हणजे जमीन. सर्व्हेच्या बिंदूंवरून हे सॉफ्टवेअर जमिनीचं त्रिमितीय मॉडेल करतं. लॉन कुठे सपाट करायचं, पावसाचं पाणी कुठून काढायचं, पायऱ्या किती लागतील हे त्यावर ठरवता येतं आणि खोदाई किती, भराव किती हेही काढता येतं. मुरूम आणि लाल माती आपल्याकडे ब्रासवर येते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक एकर जागेवर लेव्हल (जमिनीची उंची) सरासरी १० सेंटिमीटरने चुकली, तर फरक सुमारे १४३ ब्रासचा पडतो. तुमच्या भागातला टिपरचा दर लावून हा आकडा एकदा जरूर करून पाहा. लेव्हलबाबत आम्ही एवढे आग्रही का, ते त्यावरून कळेल.

वेळ कुठे जातो

तो जातो "साफ करून" पाठवलेल्या सर्व्हेत.

सर्व्हेअर टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावतो, गेटजवळच्या पक्क्या कट्ट्यावर लाल रंगाने टीबीएमची, म्हणजे उंची मोजायच्या तात्पुरत्या संदर्भबिंदूची, खूण करतो आणि बहुतेक वेळा तिला १००.००० धरतो. तिथून पुढे त्याने घेतलेल्या प्रत्येक बिंदूला पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची असे तीन आकडे असतात. ही फाइल तुमच्या किंवा आर्किटेक्टच्या ऑफिसात उघडते. ड्राफ्ट्समनला त्यावर बिल्डिंगचा प्लॅन बसवायचा असतो. रेषा वेगवेगळ्या उंचीवर असल्या की हॅच (आकारातली रेघांची भरण) भरत नाही, फिलेट (दोन रेषांचा कोपरा जोडणं) लागत नाही, अंतरं चुकीची दाखवतात. म्हणून तो फ्लॅटन कमांड देतो आणि सगळं शून्य उंचीवर आणतो. त्याच्या कामासाठी ते बरोबरच आहे. आमच्यापर्यंत मात्र तीच फाइल येते आणि जमिनीची उंची तिच्यातून गेलेली असते.

पडद्यावर हे कळत नाही, कारण बिंदूशेजारी ९८.६५० असं छापलेलं दिसतंच. पाठवण्याआधी एकदा तपासा. आकड्यावर नाही, त्याच्या बाजूच्या बिंदूवर क्लिक करा आणि प्रॉपर्टीज उघडा. पोझिशन झेडसमोर ९८.६५० असेल तर फाइल चांगली आहे. तिथे शून्य असेल, तर बाजूचं ९८.६५० ही नुसती अक्षरं आहेत आणि सॉफ्टवेअरच्या लेखी तुमची जमीन सपाट आहे.

पूर्वी आम्ही ते आकडे डोळ्यांनी वाचून कंटूर (समान उंचीच्या रेषा) हाताने काढत होतो, त्यामुळे अशी फाइल चालून जायची. आता मॉडेल बिंदूंच्या उंचीवरच उभं राहतं. शून्यावर आलेली फाइल वापरायची म्हणजे प्रत्येक बिंदूची उंची हाताने टाकायची. नाल्याच्या काठाला बिंदू दाट असतात आणि आकडे एकमेकांवर चढलेले असतात. तिथे ९८.६५ चं ९६.८५ वाचलं गेलं, तर पाण्याचा उतारच उलटा होतो. अशा फाइलवर डिझाइन करायला आम्ही नकार देतो, तो यासाठी.

फ्लॅटन केलेल्या फाइलमध्ये बहुधा आणखी दोन बदल झालेले असतात. पहिला, ड्रॉइंग उचलून शून्य-शून्यवर आणलेलं असतं. यूटीएमवर, म्हणजे जगभर चालणाऱ्या मीटरमधल्या कोऑर्डिनेट पद्धतीवर, सर्व्हे असेल तर पुण्याच्या आसपास ईस्टिंग (पूर्व-पश्चिम आकडा) साधारण ३,८०,००० मीटर आणि नॉर्दिंग (उत्तर-दक्षिण आकडा) २०,४८,००० मीटर येतं. हे आकडे अवघड वाटतात हे खरं, पण ते राहू द्या. लँडमार्क मॉडेल शून्याजवळ ठेवून हे मूळ कोऑर्डिनेट वेगळे सांभाळतं. उद्या ड्रोन सर्व्हे झाला किंवा शेजारचा तुकडा जोडला, तर दोन्ही फाइली याच आकड्यांवरून आपोआप जुळतात. नागपूर, वर्ध्याकडची साइट असेल तर सर्व्हेअरला यूटीएमचा झोन (पट्टा) विचारून कळवा. पुणे झोन ४३ मध्ये येतं, तो भाग ४४ मध्ये.

दुसरा बदल म्हणजे बिल्डिंग कागदावर सरळ दिसावी म्हणून सगळं ड्रॉइंग फिरवणं. त्याने उत्तर दिशा हलते आणि सावल्या चुकतात. पुण्यात डिसेंबर अखेरीस भर दुपारी सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. ३ मीटर उंच कंपाउंडची सावली तेव्हा उत्तरेकडे २.७ मीटरपर्यंत जाते. मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत मात्र तोच सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. लॉन कुठे टिकेल आणि कुठे सावलीतली झाडं लावायची हे आम्ही यावरून ठरवतो. ड्रॉइंग सरळ दिसायला हवं असेल तर यूसीएस (ऑटोकॅडमधले ड्रॉइंगचे अक्ष) फिरवून प्लॅन कमांड द्या; दिसेल सरळ, फाइल राहील मूळची.

काय पाठवायचं

सर्व्हेअरची ईमेल आम्हाला तशीच फॉरवर्ड करा, एवढं पुरतं. फाइल तपासायला उघडलीत तरी सेव्ह करू नका. डीडब्ल्यूजीसोबत बिंदूंची सीएसव्ही (आकड्यांची साधी यादी) असेल तर फारच छान, कारण तिच्यातल्या उंचीला कोणी हात लावलेला नसतो. आर्किटेक्टचा प्लॅन वेगळा पाठवा. त्यात एक्सरेफ (बाहेरून जोडलेल्या फाइली) असतील तर ई-ट्रान्समिट (सगळ्या फाइली एकत्र करणारी ऑटोकॅडची कमांड) करून झिप करा. सर्व्हे मीटरमध्ये असतो आणि प्लॅन मिलिमीटरमध्ये, तेव्हा कोणती फाइल कशात आहे ते एका ओळीत लिहा. फाइलचं युनिट चुकून इंचावर राहिलेलं असलं तर मिलिमीटरमधला प्लॅन आमच्याकडे २५.४ पट मोठा उघडतो. ड्रॉइंगमध्ये जुन्या फाँटमधलं मराठी असेल, तर सोबत पीडीएफ द्या, म्हणजे गट नंबर आणि रस्त्यांची नावं वाचता येतील. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं झालं तर डॉक्युमेंट म्हणून. स्क्रीनशॉटवरून काम होत नाही.

फाइल मिळाली की आम्ही उंची, उत्तर आणि युनिट तपासून लेखी कळवतो आणि कामाची मुदत तिथून मोजतो, ईमेल आल्याच्या तारखेपासून नाही. काहींना हे कडक वाटतं. पण चुकीच्या लेव्हलवर काढलेला सुंदर प्लॅन मुकादमाच्या हातात गेला की खर्च तुमचाच होतो.

मूळ फाइल सापडत नसेल तर

सर्व्हेअरला फोन करा. मशीनमधला डेटा बहुतेक जण जपून ठेवतात. तोही नसेल आणि बिंदू थोडे असतील, तर आम्ही उंची हाताने भरून देतो. त्याचे पैसे तासाप्रमाणे, ते आधी सांगून. बिंदू खूप असतील तर नवा सर्व्हे करणंच स्वस्त पडतं, तोही पावसाळ्याआधी, गवत वाढायच्या आत.

सर्व्हे अजून व्हायचा असेल तर आम्हाला आधी कळवा. कोणते बिंदू घ्यायचे याची यादी आम्ही सर्व्हेअरला देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. प्रत्येक जुन्या झाडाचं खोड आणि जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेर, विहिरीचा काठ, विजेच्या तारा, गटाराचा तळ, कंपाउंडच्या दोन्ही बाजूंची लेव्हल आणि हद्दीबाहेरचे काही मीटर त्यात असतात. शेजारच्या शेतातलं पाणी तुमच्याकडे येणार का, हे त्या शेवटच्या बिंदूंवरूनच कळतं.

ज्यांच्या बागा आम्ही पूर्वी ऑटोकॅडमध्ये केल्या, त्यांच्या फाइली आमच्याकडे सुरक्षित आहेत. बाग वाढवायची किंवा झाडं बदलायची असतील तर जुनं ड्रॉइंग आम्ही नव्यात विनामूल्य आणतो. टीबीएमची खूण अजून जागेवर आहे का, तेवढं पाहून तिचा एक फोटो पाठवा.