मोडी वाचणाऱ्या पोरांचा पैसा कुठनं येणार?

इंटर्नशिप हा शब्द आपल्याकडं अलीकडचा, पण गावाकडनं आलेल्या पोराला शिकवायचं तर आधी त्याच्या जेवणाखाण्याचं बघायला लागतं ही समज कोल्हापुरात सव्वाशे वर्षं जुनी आहे. १९०१ ला शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या पोरांसाठीही वसतिगृहं उभी राहिली. नुसती फी माफ करून पोरगं शिकत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. इथल्याच जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवा आणि शिका हा शब्द पुढं घराघरात गेला.

१९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. त्यांनी विद्यापीठातही कमवा आणि शिका सुरू केली, म्हणजे रोज थोडं काम करायचं आणि त्यावर राहणं-शिकणं भागवायचं. आणि हेच आप्पासाहेब मुळात इतिहासाचे माणूस, ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांनी संपादित केलेले. मला ह्याचं फार वाटतं, की पोरांना काम देणारा आणि जुने कागद वाचणारा माणूस एकच होता, तरी मोडी, म्हणजे जुन्या मराठी लिपीतले कागद वाचणं किंवा म्हाताऱ्या बायकांकडनं ओव्या उतरवून घेणं हे पोरांचं पगारी काम म्हणून आपल्याकडं कधी नीट रुजलंच नाही.

कायद्यातही तसंच. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, तो कारखान्यातल्या ट्रेडसाठी, १९७३ ला इंजिनिअर त्यात आले, आणि बीए झालेल्या पोराला दार उघडलं ते २०१४ च्या दुरुस्तीनं.

मग आलं नवं शैक्षणिक धोरण. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एमएच्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं लागलं, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, क्रेडिट सक्तीचं पण पैसे द्यायची सक्ती कुणावरच नाही. २०२४ ला राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, आणि केंद्राची पीएम इंटर्नशिप, तेव्हा ५००० महिना, पण ती मोठमोठ्या कंपन्यांतली. आणि सुरू झाल्या तेव्हा दोन्हीकडं अट अशी होती की पूर्णवेळ शिक्षण चालू नको, म्हणजे जो विद्यार्थी आत्ता एमए करतोय, ज्याला ते १२० तास भरायचेच आहेत, तो दोन्हीतनं बाहेर!

हे कागदावर समजत नाही म्हणून एक डोळ्यासमोरचं सांगतो. एका संस्थेच्या जुन्या कागदपत्रांच्या दप्तराची यादी करायचं काम होतं, त्यात राधानगरीकडची एक पोरगी आली. मोडीत आधी आडवी रेघ ओढलेली असते, अक्षरं तिला लोंबलेली, शब्द कुठं तुटतो ते कळत नाही, तारखा सुरसनात, म्हणजे अरबी आकड्यांच्या जुन्या सनात, इसन्ने, सलास, अर्बा असलं. पहिलं पान लागायला तिला दोन दिवस गेले, दुसऱ्या महिन्यात दिवसाला सहा पानं काढायला लागली. १२० तास तिचे कधीच संपले होते, पण नुसतं शिकायलाच तेवढे जातात, खरं काम सुरू होतं ते त्यानंतर, आणि तिथनं पुढं तिला ठरलेलं मानधन मिळायला हवं होतं. बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात आहे तरी रोजचं येणंजाणं, चहा, दुपारचं खाणं हे सगळं तिच्या बापाच्या खिशातनं. मानधनाचं बिल एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर फिरत राहिलं, मंजूर झालं तेव्हा सहा महिने उलटले होते आणि ती कापडाच्या दुकानात लागली होती. रजिस्टर अजून कपाटात आहे, निम्म्यापर्यंत तिचं अक्षर आणि पुढची पानं कोरी.