दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण

रक्ताच्या कर्करोगात रुग्णाची बिघडलेली रक्तनिर्मिती तीव्र औषधांनी, कधी जोडीला किरणोपचारांनी, मोडून काढायची आणि तिच्या जागी निरोगी दात्याच्या रक्तजनक मूलपेशी रुजवायच्या, अशी ही उपचारपद्धती आहे. बोलण्यात ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ हेच नाव रुळले आहे, पण आता बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी मूलपेशी दात्याच्या हातातल्या शिरेतून घेतात. चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन त्या मज्जेतून, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मऊ गाभ्यातून, रक्तात उतरवतात आणि यंत्राने वेगळ्या करतात. रुग्णावर शस्त्रक्रिया होत नाही. पिशवीतले रक्त चढवावे तशा या पेशी शिरेतून देतात आणि त्या आपल्या आपण हाडांतल्या मज्जेत जाऊन वसतात.

केमोथेरपीची सुरुवात 1942 मध्ये नायट्रोजन मस्टर्ड या पेशीमारक रसायनाच्या वापराने झाली. वेगाने विभागणाऱ्या पेशी मारणे हे तिचे बळ आणि तीच तिची अडचण, कारण मज्जेतल्या निरोगी पेशीही तितक्याच वेगाने विभागतात. मात्रा वाढवली की कर्करोगाबरोबर मज्जाही जाते. मग मज्जा बाहेरून आणली तर? अमेरिकी डॉक्टर ई. डॉनल टॉमस यांनी 1957 मध्ये असे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. पुढे एचएलए या पेशींवरच्या ओळखखुणा जुळवण्याचे तंत्र आले आणि चित्र पालटले. 1990 चे नोबेल टॉमस यांना मूत्रपिंड प्रत्यारोपण करणारे शल्यविशारद जोसेफ मरे यांच्यासह मिळाले.

प्रत्यारोपण म्हणजे जबर केमोथेरपीनंतरची भरपाई, एवढीच सुरुवातीची कल्पना होती. ती अपुरी ठरली. एकसारख्या जुळ्या भावंडाच्या पेशी घेतलेल्यांत आजार जास्त वेळा उलटतो, म्हणजे हुबेहूब जुळणारा दाता इथे सर्वोत्तम नव्हे! दात्याच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, उरलेल्या कर्कपेशींना परके मानून मारतात, आणि बरे होण्यात यांचा वाटा मोठा असतो. म्हणूनच वयस्क रुग्णांना प्रत्यारोपणाआधीची औषधे सौम्य मात्रेत देऊन बाकीचे काम या पेशींवर सोपवता येते.

पण त्याच पेशी रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत यांनाही परके मानू शकतात. या ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट’ विकाराला आवर घालायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. ती जास्त झाली तर जंतुसंसर्ग आणि आजार उलटण्याची भीती. या उपचारातले खरे कसब या तोलात आहे.

सख्ख्या भावंडाची एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. नाहीतर नोंदणीकृत अनोळखी दाता शोधतात. आई, वडील किंवा अपत्य यांची अर्धी जुळणीही आता चालते, कारण प्रत्यारोपणानंतर काही दिवसांनी दिलेले सायक्लोफॉस्फामाइड हे औषध आक्रमक टी-पेशींना आवरते.

तीव्र ल्युकेमियाच्या (पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाच्या) धोकादायक प्रकारांत हा मार्ग आजही महत्त्वाचा आहे. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात मात्र 2001 मध्ये इमॅटिनिब ही गोळी आल्यापासून त्याची गरज क्वचितच पडते. मायलोमात, म्हणजे मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात, सहसा रुग्णाच्याच साठवलेल्या पेशी परत देतात.

नव्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. रक्तगट वेगळा असेल तर पुढच्या महिन्यांत तो दात्याचा होतो. लहानपणीच्या लसींचे संरक्षण ओसरते, त्यामुळे त्या पुन्हा घ्याव्या लागतात. रक्तातल्या पेशींत डीएनए दात्याचा आढळतो. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचे प्रमाण पुन्हा वाढू लागले, तर आजार परततोय का हे डॉक्टर लगेच तपासतात.