जहाजाच्या नाळेखालचा लाल गोळा

परवा गेटवेहून मांडव्याला लाँचने जात होतो. वाटेत एक मालवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं. रिकामं असल्याने ते बरंच वर उचललं गेलं होतं आणि एरवी पाण्याखाली असणारा, नाळेतून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकातून, पुढे आलेला लाल गोळा अर्धा उघडा पडला होता. शेजारचे आजोबा नातवाला म्हणाले, "त्याने पाणी फोडतात." नातवाने लगेच विचारलं, "मग टोकदार का नाही केला?"

इतका नेमका प्रश्न मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

नाळ सुरीसारखी पाणी कापते, म्हणून ती जितकी धारदार तितकं जहाज वेगवान, असं आपल्याला सहज वाटतं. इंग्लंडमधल्या विल्यम फ्रूड या इंजिनिअरने १८६७च्या सुमारास ते तपासून पाहिलं. त्याने दोन घाटांची मॉडेलं बनवली: टोकदार 'रेव्हन' आणि भरदार टोकांचं 'स्वॉन'. डार्ट नदीत ती ओढून पाहिली, तेव्हा कमी वेगाला रेव्हन सरस ठरलं, पण वेग वाढवल्यावर स्वॉनला विरोध कमी झाला. म्हणजे सर्व वेगांना चालेल असा एकच उत्तम आकार नसतो.

पाणी जहाजाला मुख्यतः दोन प्रकारे अडवतं. एक घर्षण, ते भिजलेल्या अंगावर अवलंबून असतं. तळाला शेवाळ-शिंपले चिकटले की वाढतं. दुसरं कारण लाटा, आणि खरी गंमत तिथेच आहे.

नाळेपुढे पाणी दाबलं जातं, फुगतं, आणि तिथे लाटेचा एक उंचवटा तयार होतो. त्याच्यामागे ओळीने खळगा, उंचवटा, पुन्हा खळगा. या लाटा जहाजाबरोबरच चालतात, म्हणून त्यांचा वेग जहाजाइतकाच असावा लागतो. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो: सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग करा, त्याला ०.६४ने गुणा, की दोन उंचवट्यांमधलं अंतर मीटरमध्ये मिळतं. पाण्याच्या रेषेवर १६ मीटर लांबीची लाँच घ्या. ती सेकंदाला २.५ मीटर वेगाने चालली तर हे अंतर ४ मीटर येतं; कठड्यावरून वाकून पाहिलं तर तिच्या अंगाला असे चार हेलकावे दिसतील. वेग दुप्पट करा, ताशी १८ किलोमीटर. अंतर चौपट होऊन १६ मीटर होतं. आता एक उंचवटा नाळेशी, दुसरा थेट मागच्या टोकाशी. याहून जोर लावला की मागचा उंचवटा लाँचच्याही मागे सरकतो, तिचा पार्श्वभाग खळग्यात बसतो आणि ती स्वतःच केलेल्या लाटेचा चढ चढू लागते. इंजिन ओरडतं, डिझेल जळतं, वेग मात्र जेमतेम वाढतो. स्पीडबोट यातून सुटते, कारण तिचा सपाट तळ तिला पाण्यावर उचलतो आणि ती घसरत जाते. हजारो टनांच्या जहाजाला ते शक्य नाही.

म्हणूनच लांब जहाज वेगवान असू शकतं. मॉडेलची चाचणीही याच हिशेबावर चालते: १०० मीटरच्या जहाजाचं ४ मीटरचं मॉडेल, म्हणजे पंचविसावा हिस्सा, खऱ्या वेगाच्या पाचव्या हिश्श्याने ओढलं की लाटांची नक्षी हुबेहूब तीच उमटते. फ्रूडने यासाठी १८७२च्या सुमारास टॉर्की इथे लांबलचक हौद उभारला.

आता तो लाल गोळा. पृष्ठभागाच्या जरा खालून तो पुढे सरकतो तेव्हा त्याचीही स्वतःची लाट उठते. गोळ्याची जागा आणि आकार असा ठरवतात, की नाळेचा उंचवटा जिथे येतो, नेमका तिथेच गोळ्याच्या लाटेचा खळगा पडावा. उंचवट्यात खळगा मिळाला की पाणी जवळपास सपाट! लाट उठवण्यात जाणारी ऊर्जा वाचते. अमेरिकन नौदलातल्या डेव्हिड टेलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युद्धनौकांसाठी असा गोळा वापरला. पुढे जपानच्या ताकाओ इनुई यांनी लाटांच्या या वजाबाकीचा बारकाईने अभ्यास केला.

हा गोळा डॉल्फिनच्या तोंडावरून उचललाय, असं ठासून सांगणारे मेसेज फिरत असतात. चित्र पाहून पटतंही, पण कारण चुकीचं आहे. गोळ्याचं काम पृष्ठभागावरच्या लाटा मारण्याचं. खोल बुडून पोहणाऱ्या प्राण्याला त्या लाटांचा त्रासच नसतो. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या पाणबुड्या पाहा, त्यांना असा पुढे आलेला गोळा नाही.

शिवाय लाटेची लांबी वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे ही वजाबाकी ठरावीक वेगालाच नीट जुळते. २००८च्या मंदीनंतर कंपन्यांनी इंधन वाचवायला मोठी कंटेनर जहाजं मुद्दाम हळू चालवायला घेतली, तेव्हा जास्त वेगासाठी बेतलेले गोळे उलट अडथळा ठरू लागले. मग कित्येक जहाजं गोदीत चढवून जुने गोळे कापले आणि कमी वेगाला साजेसे नवे जोडले. मांडवा आलं तेव्हा मी नातवाला एवढंच सांगून संपवलं होतं. तो उतरताना मागे वळून म्हणाला, "पण आत्ता तो अर्धा बाहेर आहे. म्हणजे रिकाम्या जहाजाला त्याचा नीट उपयोगच नाही ना?"

अगदी बरोबर.